गोत विचारणारा कॉम्प्युटर

धावजी राठोडांनी पेनड्राइव्ह आधी कपाळाला लावला, मग डोळे मिटून कॉम्प्युटरच्या पोटात खुपसला आणि दोन पावलं मागे सरून हात जोडले. एक, दोन, तीन. तांड्याच्या मंदिरावरच्या भोंग्यातून आरती सुरू झाली. माउसला हात नाही, कळफलकाला बोट नाही, काही नाही. गेले चार महिने रोज सकाळ-संध्याकाळ हा प्रकार घडत होता आणि चार महिन्यांत धावजींच्या अंगावर काटा आला नाही असा एकही दिवस गेला नव्हता.

धावजी म्हणजे तांड्याचे नायक. वय पंच्याहत्तर, आवाज खणखणीत, डोळे मात्र गेल्या वर्षीपासून रुसलेले. सेवालाल महाराजांच्या मंदिरातला हा कॉम्प्युटर कुठल्याशा शाळेनं टाकून दिलेला. धावजींच्या सुनेनं, उज्ज्वलानं, त्याच्यात एक फुकटात मिळणारी हलकी सिस्टिम भरून त्याला जिवंत केलं होतं. शेजारी एक प्रिंटरही मांडला होता, तांड्यातल्या लोकांचे दाखले निघायचे त्याच्यावर. पण आरती लावायची म्हणजे पडद्यावरचा तो बाण हलवायचा, आणि तो बाण धावजींना काही केल्या सापडत नसे. एकदा आरतीच्या ऐवजी भोंग्यावर खत कसं टाकावं याची माहिती वाजली आणि अर्धा तांडा ती हात जोडून ऐकत राहिला. त्या दिवशी उज्ज्वलानं ठरवलं की बाणाचा प्रश्नच मिटवायचा.

मात्र त्यात एक अडचण होती. धावजींच्या घरात जुनी रीत अजून चालू होती. सासरा आणि सून एकमेकांशी थेट बोलत नसत. बोलायचं ते मध्ये सासूला बसवून. त्यामुळे कॉम्प्युटरच्या नियमाची सगळी चर्चा लालीबाईंच्या मार्फत झाली. लालीबाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या मधे बसून गहू निवडत होत्या.

"याडी, बापूंले सांगा," उज्ज्वला डोक्यावरचा पदर सारखा करत सासूला म्हणाली, "की याच्या भोकात काहीबी खुपसलं नं, की ते आधी कॉम्प्युटरले आपली वळख सांगते. कोन्या कंपनीचं हाय, कोनतं मॉडेल हाय, अन् त्याचा एकट्याचा नंबर कोनता. कॉम्प्युटरपाशी नियमाची एक फाईल असते. वळख नियमात बसली, की नियमात लिवलेलं काम ते करते."

लालीबाईंनी तीन हातांवर बसलेल्या नवऱ्याकडे मान वळवली. "ते म्हनते, खुपसलं की वळख सांगते."

धावजींनी सगळं ऐकलं होतंच, पण रीत म्हणून आत्ताच ऐकल्यासारखं केलं. "कंपनी म्हंजे काय व?"

"कंपनी म्हंजे काय, म्हनते."

"ज्या घरातून निंघालं ते घर, याडी."

"म्हंजे गोत!" धावजी ताडकन उभे राहिले. "हे लोखंडाचं बोटभर कार्टं आल्या-आल्या आपलं गोत सांगते? अन् हा इचारते?"

त्यांना खरोखर भरून आलं. तांड्यात पाहुणा आला की आधी पाणी आणि लगेच गोत, ही त्यांच्या आजोबांपासूनची पद्धत. राठोड, पवार, चव्हाण, आडे, जो असेल तो. एवढं कळलं की माणूस कुठं बसवायचा, त्याच्याशी सोयरीक होते की भाऊबंदकी लागते, सगळं आपोआप ठरतं. हे शहाणपण कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना कोणी सांगितलं असेल, असा त्यांना प्रश्न पडला.

"याडी, नियम कंपनीवर लिवू का याच्या एकट्याच्या नंबरवर, ते इचारा," उज्ज्वला म्हणाली.

"सांग तिले, गोतावरच लिव," धावजींनी बायकोला निकाल दिला. "गोत पटलं की मानूस आपला. एकट्याचं नाव कायले इचारा लागते? अन् उद्या हे हरपलं, तर याचा भाऊ आनून खुपसता आला पाहिजेन का नाही?"

उज्ज्वलाला काहीतरी बोलायचं होतं. तिनं तोंडही उघडलं. पण ते आधी सासूला, मग सासूकडून सासऱ्याला आणि मग त्याच वाटेनं उलटं, एवढ्यात संध्याकाळ झाली असती. तिनं कंपनीच्या नंबरवर नियम लिहून टाकला. तेव्हापासून त्या कंपनीचा पेनड्राइव्ह आत गेला, की कॉम्प्युटर आपल्या पोटातली आरती थेट भोंग्यावर सोडायचा. अकरा मिनिटांची आरती, शेवटी अरदास, म्हणजे महाराजांपुढची विनवणी. ती चालू असताना कोणी बोलायचं नाही, जागा सोडायची नाही आणि काहीही झालं तरी मध्ये तोडायची नाही, हा धावजींचा दंडक.

अशा सुनेला महागावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची नोकरी लागली, यात नवल नव्हतं. नवल हे की, ते पत्र आल्यापासून धावजींची झोप उडाली होती. एक डिसेंबरपासून रोज सकाळी साडेनऊला हजर व्हायचं होतं. तांड्यापासून महागाव नऊ किलोमीटर आणि बस यायची ती फाट्यापर्यंतच, तीही सव्वादहाला. धावजींचा मुलगा प्रेम हार्वेस्टरवर, सोयाबीन संपलं की दुसऱ्या जिल्ह्यात. तो महिना-महिना घरी नसे. बस तांड्यात सकाळी आली तर नोकरी, नाहीतर क्लासवाले दुसरी बाई घेणार, असं पत्रातच स्वच्छ लिहिलं होतं. धावजी बायकोला एकदाच म्हणाले, "एवढं डोकं हाय पोरीले, अन् ते चुलीपाशी राहीन काय व?" आणि बस तांड्यापर्यंत आणावी म्हणून एसटीच्या डेपोत बेचाळीस सह्यांचा अर्ज देऊन आले.

अर्जाची पाहणी करायला डेपोतले साहेब शुक्रवारी येणार होते. तांड्याचा कारभारी अमरसिंग यानं घरोघरी फिरून ताकीद दिली होती की शुक्रवारी कोणी वावरात जायचं नाही, सगळ्यांनी नवे कपडे घालून मंदिरापुढं बसायचं. कापसाचा दुसरा वेचा चालू होता, तरी लोक कबूल झाले. सगळं चोख ठरलं होतं.

साहेब बुधवारी आले.

सकाळी अकराला एक जीप मंदिरापुढं थांबली आणि तिच्यातून रामराव ढुमणे नावाचे साहेब आणि त्यांचा ड्रायव्हर असे दोघे उतरले. तांड्यात त्या वेळी धावजी, लालीबाई, उज्ज्वला, सात शेळ्या आणि एक आजारी बैल एवढीच वस्ती होती.

"शुक्रवारचा दौरा रद्द झाला, म्हणून आजच आलो," ढुमणे साहेब घाम पुसत म्हणाले. "बेचाळीस सह्या आहेत अर्जावर. माणसं कुठं आहेत?"

"वावरात हाय, साहेब. वेचा चालू हाय. परवा सगळे भेटते."

"परवा मी पांढरकवड्याला. हे बघा नायक, मला नियम आहे. पाहणीच्या वेळी जेवढे प्रवासी हजर, तेवढे लिहायचे. इथं तर..." साहेबांनी बैलाकडे पाहिलं. "शून्य लिहावं लागेल."

उज्ज्वला पाण्याचा तांब्या घेऊन घराच्या दारात उभी होती. तिनं तो तांब्या खाली ठेवला आणि ती आत निघून गेली.   धावजींना सुनेशी थेट बोलता येत नव्हतं, आणि लालीबाईंच्या मार्फत धीर कसा पाठवायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"पाहणीचा फॉर्म छापून आणायचा राहिला माझा," साहेब खिसे चाचपत म्हणाले. "कुठं प्रिंटर आहे का?"

आपल्याच गळ्याला फास लावायला दोर मागावा तसं झालं. पण मागितलेलं देणार नाही तो नायक कसला? धावजींनी साहेबांना मंदिरात नेलं आणि कॉम्प्युटर दाखवला. साहेबांनी चपला काढल्या, देवाला हात जोडले, खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि खुपसला.

एक, दोन, तीन.

भोंगा कडाडला. आरती सुरू झाली.

"हे काय?" साहेब दचकले.

धावजींनी ओठांवर बोट ठेवलं आणि हात जोडले. साहेबांनीही जोडले. दारात उभ्या ड्रायव्हरनं जोडले. उज्ज्वला घरातून धावत आली आणि काय झालं ते एका नजरेत तिला कळलं. साहेबांचा पेनड्राइव्हही त्याच कंपनीचा होता. महागावच्या बाजारात दुसऱ्या कंपनीचे मिळतच नसत. पण आरती सुरू झालेली, त्यामुळे तिलाही पदर घेऊन हात जोडून उभं राहावं लागलं.

आता भर उन्हात तांड्याचा भोंगा वाजणं म्हणजे काय, हे साहेबांना माहीत नव्हतं. या आधी असा अवेळी तो एकदाच वाजला होता. दोन वर्षांपूर्वी, धावजींचे थोरले भाऊ वारले तेव्हा, वावरातल्या लोकांना बोलवायला. त्यामुळे वावरावावरांत कापूस वेचणाऱ्या माणसांनी कान टवकारले आणि एकच अर्थ काढला. तांड्यात सध्या जायच्या वयाचं कोण? नायक.

चौथ्या मिनिटाला अमरसिंग धापा टाकत आला. त्याच्या मागे कमरेच्या ओटीत कापूस तसाच असलेल्या बायका, त्यांच्या मागे गडी. त्यांतल्या इंदूबाईंनी वेशीपासूनच गळा काढला होता. मंदिराच्या पायरीवर पोचल्या आणि समोर पाहतात तो नायक हात जोडून उभे. इंदूबाईंचा हुंदका अर्ध्यावर अडकला. आरती चालू, बोलता येत नाही. मग त्याही हात जोडून उभ्या राहिल्या, डोळ्यांतून मात्र धार चालूच. अमरसिंग धावजींच्या अगदी समोर उभा राहून त्यांची छाती वर-खाली होते का ते निरखू लागला. ती होत होती. तरी त्याचा विश्वास बसेना. सात मिनिटं सगळा जमाव नायकाचा श्वास मोजत होता आणि धावजींना 'मी जिता हाय रे' एवढंही म्हणायची सोय नव्हती. ढुमणे साहेब एका डोळ्यानं हे सारं पाहत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत होता.

आरती संपली. जयजयकार झाला.

"नायक, तुमी मेले नाही?" अमरसिंगनं पहिला प्रश्न विचारला.

"मेलो असतो तर उभा राह्यलो असतो काय बे?"

"मंग भोंगा काहून वाजला?"

"साहेबाच्या पेनड्राइव्हनं वाजला. त्याचं गोत तेच निंघालं," धावजी म्हणाले. यानं कोणाचंच समाधान झालं नाही.

इकडे साहेबांच्या हाती संधी आली होती. समोर पन्नासेक माणसं होती. "आलेत ना सगळे? वा!" ते म्हणाले. "मग शून्य कशाला लिहायचं? फॉर्म छापू आणि नावं घेऊ." पडद्यावर काही उघडलेलं दिसेना. कोणीही करतं तेच त्यांनी केलं. पेनड्राइव्ह काढला, फुंकर मारली आणि पुन्हा खुपसला.

"साहेब, नका!" उज्ज्वला ओरडली. तोवर एक, दोन, तीन होऊन गेले होते.

पुन्हा अकरा मिनिटं. या खेपेला नाल्यापलीकडच्या वावरांतले लोक आले. एकदा वाजला तेव्हा त्यांना वाटलं होतं की आपण पोचेपर्यंत मयत उचलणार नाहीत. दुसऱ्यांदा वाजला म्हणजे दुसरंही कोणी गेलं. नायकामागं लालीबाईनंही जीव सोडला, असं नाल्याच्या काठावर ठरलं आणि ते दुप्पट रडत आले. लालीबाई पायरीवर उभ्या राहून त्यांच्याकडे रागानं बघत होत्या.

दुसरी आरती संपताच उज्ज्वलानं कॉम्प्युटरची खुर्ची धरली आणि साहेबांना हात जोडून बाजूला उभं केलं. साहेबांनी मग कोरा कागद काढला. "तोपर्यंत मी हातानंच नावं लिहितो. हं, नाव?"

"राठोड."

"तुमचं?"

"राठोड."

"तुमचं?"

"राठोड, साहेब."

"बाई, तुमचं?"

"राठोड."

साहेबांनी पेन खाली ठेवला. "अहो, सगळ्यांनीच राठोड सांगितलं तर मी कोणाला कोण म्हणून ओळखू? आडनाव नको मला. एकेकाचं स्वतःचं नाव सांगा!"

धावजींनी कपाळावर हात मारून घेतला. इतका जोरात की अमरसिंगला पुन्हा काळजी वाटली. चार महिन्यांपूर्वी गव्हाच्या सुपाशेजारी बसून आपण काय निकाल दिला होता, तो त्यांना लख्ख आठवला. पोरीनं विचारलं होतं की कंपनीवर लिहू का एकट्याच्या नंबरवर. आपण म्हटलं गोतावर. आता या गोताचं जे कोणी येईल ते भोंगा वाजवणार. कॉम्प्युटरचं काहीच चुकलं नव्हतं. त्याला सांगितलं तसं तो इमानदारीनं वागत होता. चूक माणसाची होती, आणि तो माणूस आपण. पेनड्राइव्हच्या पोटातला तो एकट्याचा नंबर त्यांना आता फार मोठी गोष्ट वाटू लागली. एका कंपनीतून लाख भावंडं निघत असतील आणि तरी प्रत्येकाजवळ स्वतःचं नाव! आपण ते विचारलंसुद्धा नाही.

हे बायकोला सांगायला ते वळले. लालीबाई नाल्याकाठच्या मंडळींशी भांडत होत्या. तेवढ्यात आतून ड्रायव्हरचा आवाज आला, "साहेब, मोबाईल बंद पडून राह्यला, इथं चार्जिंगले लावतो." आणि त्यानं मोबाईलची वायर कॉम्प्युटरच्या मागच्या भोकात घातली.

मोबाईलही त्याच घराण्यातला निघाला.

भोंगा तिसऱ्यांदा कडाडला. जमलेल्या सव्वाशे माणसांचे हात पुन्हा जोडले गेले. आणि धावजी राठोडांनी, ज्यांनी जन्मात आरतीत अक्षर उच्चारलं नव्हतं आणि सुनेशी थेट एक शब्द बोलला नव्हता, दोन्ही रिती एका दमात मोडल्या.

"उज्ज्वला! त्याले नाव इचार! गोत नको इचारू, नाव इचार त्याले!"

सगळा तांडा थिजला. उज्ज्वलानं वळून सासऱ्याकडे पाहिलं. मग तिनं पदर खोचला आणि कळफलकावर बोटं चालवायला सुरुवात केली. पडद्यावर काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं धो धो कोसळू लागली. तिनं मंदिराचा पेनड्राइव्ह हातात घेऊन सकाळच्या नोंदीतला त्याचा लांबलचक नंबर त्या अक्षरांत शोधला, कंपनीच्या नंबराशेजारी तो लिहिला आणि फाईल बंद केली. आरती तिनं तोडली नाही. ती आपली आपण संपेपर्यंत सगळे हात जोडून तिच्या बोटांकडे पाहत राहिले. धावजींच्या डोळ्यांना अक्षरं दिसत नव्हती, पण त्या बोटांचा वेग दिसत होता. आपल्या घरात चार वर्षं भाकरी थापणारी ही पोर यंत्राच्या कानात बोलते आणि यंत्र ऐकतं, हे पाहून त्यांनी जोडलेले हात नकळत तिच्या दिशेनं वळवले.

अरदास संपली.

"साहेब, आता खुपसा," उज्ज्वला म्हणाली.

 सव्वाशे माणसांनी श्वास रोखला. पेनड्राइव्ह आत गेला. एक, दोन, तीन. चार. पाच.

काहीच झालं नाही.

आणि त्या काहीच न होण्यावर सगळ्या तांड्यानं टाळ्या वाजवल्या. अमरसिंगनं शिटी मारली. पडद्यावर साहेबांचा फॉर्म उघडला होता. मग धावजींनी मंदिराचा पेनड्राइव्ह मागितला, पण उज्ज्वलानं घाईनं तो पदरात लपवला. "बापू, संध्याकाळी. आता नको."

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या तांड्याची मंडळी पोचली. पहिल्या भोंग्याला निघून, वाटेत तो आणखी दोनदा ऐकून, ती तीन माणसांची तयारी करून आली होती. खांद्यावर हिरवे बांबू, काखेत कोरं कापड, एकाच्या हातात मडकं.

"हे बांबू कशाला?" साहेबांनी विचारलं.

"बसथांब्याच्या मांडवाले, साहेब!" अमरसिंग क्षणाचाही उशीर न करता म्हणाला.

साहेब थक्क झाले. "बस मंजूर व्हायच्या आधीच मांडव? आणि या बायका रडत धावत आल्या... इतकी गरज आहे तुम्हाला?"  फॉर्म छापून झाला होता. त्यांनी 'हजर प्रवासी' या रकान्यात एकशे सदतीस लिहिलं.

आता गप्प बसणं सोपं होतं. अमरसिंग डोळ्यांनी तेच सांगत होता. उज्ज्वलाची नोकरी त्या रकान्यात बसली होती. पण देवाच्या दारात उभं राहून खोटं पचवणं धावजींना जमेना. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली आणि हळूच हलवली. सांगा, असं.

"साहेब," धावजी म्हणाले, "हे लोक बससाठी नाही आले. हे माह्या मयतीले आले. ते बांबू मांडवाचे नोहेत. माहे हाय."

 साहेबांनी बांबूंकडे पाहिलं, मडक्याकडे पाहिलं, इंदूबाईंच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग त्यांनी शेजारच्या तांड्याच्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, तुम्ही कुठून आलात?"

"पलीकडच्या तांड्यातून, साहेब. अडीच किलोमीटर."

"कसे?"

"पायीच. दुसरं काय हाय?"

"आणि हे बांबूसुद्धा खांद्यावर?"

"मंग?"

 साहेबांनी आकडा तसाच ठेवला आणि खाली शेऱ्याच्या जागी लिहिलं. लिहिलेलं वाचूनही दाखवलं. "या भागात मयतीलादेखील एकशे सदतीस माणसं पायी येतात. सकाळची बस ताबडतोब सुरू करावी." सही केली, चपला घातल्या आणि जाताना धावजींचा हात हातात घेऊन म्हणाले, "नायक, शतायुषी व्हा. पण तो भोंगा सांभाळून वाजवा."

एक डिसेंबरला सकाळी आठ चाळीसला बस तांड्यात आली.

काय सांगावं त्या सकाळचं! बसला झेंडूच्या माळा, वेशीत रांगोळी, बायकांच्या अंगावर आरशांचे घागरे. धावजी पांढरा फेटा बांधून, हातात नारळ घेऊन, ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर जाऊन बसले, शेजारी खिडकीत लालीबाई. अर्जावर पहिली सही त्यांची, तेव्हा पहिली जागाही त्यांचीच, हे कोणी न सांगता ठरलं होतं. त्यांच्या मागे अमरसिंग, इंदूबाई, नाल्याकाठची मंडळी, शेजारच्या तांड्याचे बांबूवाले. कोणालाच महागावात काही काम नव्हतं. पण दारात आलेल्या गाडीत बसायचं नाही म्हणजे काय? त्या दिवशी वेचा बंद होता.

घरातलं आवरून, नवी पर्स खांद्याला लावून उज्ज्वला सगळ्यांत शेवटी पोचली. तिनं पायरीवर पाय ठेवला आणि राखी नावाच्या तरुण कंडक्टरबाईनं हात आडवा केला.

"बसायचे चव्वेचाळीस, उभे अकरा. पंचावन्न झाले. ही छप्पन्नावी. एक जण उतरा, नाहीतर गाडी हलणार नाही."

कोणी हललं नाही. एकाएकी सगळ्यांना खिडकीबाहेरचा तांडा पाहण्यासारखा वाटू लागला. अमरसिंग झोपलासुद्धा. उज्ज्वलानं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. आठ सत्तेचाळीस झाले होते.

धावजी उठले. फेटा सावरत, लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ते दाराशी आले.

"बापू, तुमी नका उतरू," उज्ज्वला पायरीवरूनच म्हणाली. "ही बस तुमी आनली."

"तुह्यासाठीच आनली, बेटा. चढ. पयल्या दिवशी उशीर नाही कराचा."

"मी उतरू काय?" लालीबाईंनी खिडकीतून विचारलं. पण विचारतानाच त्यांनी पिशवी उचलून नवऱ्याच्या रिकाम्या जागेवर सुनेसाठी ठेवली होती, तेव्हा धावजींनी उत्तर दिलं नाही.

दार लागलं. घंटी वाजली. माळा हलवत, धूर सोडत गाडी वेशीतून बाहेर पडली. लालीबाईंच्या अंगावरून वाकून पहिल्या सीटच्या खिडकीतून उज्ज्वला मागे वळून पाहत होती आणि फाट्याचं वळण येईपर्यंत तिनं हात खाली घेतला नाही. धावजी रस्त्याच्या मधोमध उभे राहून पाहत होते. आपल्या घरातली एक बाई पगाराच्या कामाला साडेनऊच्या आत पोचणार, आणि एवढी मोठी लाल गाडी तिला न्यायला दारात येते. त्यांना ते खरं वाटेना. 

मग हातातल्या नारळाकडे त्यांचं लक्ष गेलं. गाडीच्या चाकापुढं फोडायचा राहूनच गेला होता. त्यांनी तो कडेच्या दगडावर फोडला, पाणी रस्त्यावर शिंपडलं आणि प्रसाद वाटायला आजूबाजूला पाहिलं. अर्धा तांडा बसमध्ये गेला होता आणि उरलेला बसच्या मागे फाट्यापर्यंत धावत गेला होता. तेव्हा ते वेशीच्या ओट्यावर बसले आणि सगळा नारळ एकट्यानंच सावकाश खाल्ला.